पौर्णिमेला वाळूवर तंबू ठोकण्याआधी पंचांग उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे सहा मित्र डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास दोन दिवस सुट्टी काढणार. मुंबईहून पाचेक तासांत पोचता येईल असा, गर्दी अजिबात नसलेला किनारा हवा आहे. संध्याकाळी पोहायचं, पौर्णिमेच्या चांदण्यात वाळूवरच तंबू ठोकून झोपायचं, सकाळी उठून पुन्हा पोहायचं आणि परत फिरायचं. सहापैकी चौघांना तरणतलावात पोहता येतं, दोघांना येत नाही. कुठला किनारा सांगाल?

किनारा सांगतो, पण शेवटी. मुलांची समुद्रकाठची शिबिरं नेण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि तुमचा बेत वाचताना माझं लक्ष किनाऱ्याआधी तारखेवर गेलं. पौर्णिमा तुमच्या बेताला सगळ्यात गैरसोयीची आहे.

आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो आणि प्रत्येक किनाऱ्याचा थोडा फरक पडतो, म्हणून जायच्या आधी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघाच. पण घरबसल्या बेत आखायला हा हिशोब पुरतो.

आता तो तुमच्या पौर्णिमेला लावा. भरती दुपारी बाराला आणि रात्री बाराला. ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणजे तुम्ही सूर्यास्ताला पोहायला उतराल तेव्हा समुद्र अगदी मागे गेलेला, दोन-तीनशे पावलं ओल्या वाळूतून चालत जावं लागणार. रात्री तुम्ही गाढ झोपलेले असाल तेव्हा पाणी तंबूकडे यायला निघालेलं. सकाळी उठाल तेव्हा पुन्हा ओहोटी. तुम्हाला पाणी हवं असेल तेव्हा ते नसणार, आणि नको असेल तेव्हा उशाशी येणार.

त्यात पौर्णिमेला उधाण. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरतीतला फरक चार मीटरच्या वर जातो. शिवाय एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. हिवाळ्यात रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा वर चढते. पावसाळ्यात हेच उलट असतं, म्हणून जुलैतल्या उधाणाच्या बातम्या दुपारच्या असतात. २०२५ च्या डिसेंबरात दत्तजयंतीनंतरच्या रात्री साडेबाराच्या पुढे मुंबईची भरती पाच मीटरपर्यंत पोचली होती. त्याच दिवसाची दुपारची भरती चार मीटरच्या जरा वर होती. दुपारी पोचलेला माणूस पाण्याची ताजी ओली रेघ बघतो, तिच्यापासून दहा पावलं वर तंबू लावतो आणि निर्धास्त झोपतो. मध्यरात्रीची भरती ती रेघ ओलांडते. म्हणून ओली रेघ बघायचीच नाही. त्याच्याही वर वाळलेलं शेवाळ, नारळाच्या शेंड्या, थर्माकोलचे तुकडे, चपला यांची एक कोरडी ओळ असते. समुद्राची खरी हद्द ती. तंबू तिच्याही मागे.

पाणी सारख्या वेगानं चढत नाही, हेही धरून चला. भरतीच्या सहा तासांतल्या पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. चार मीटरच्या उधाणात म्हणजे तासाला एक मीटर, आणि सपाट किनाऱ्यावर एक मीटर उंची म्हणजे पन्नास मीटर आडवी वाळू सहज. गाड्या वाळूत रुततात त्या याच दोन तासांत. फोटोसाठी ओल्या वाळूवर गाडी आणतात. पुढचं चाक जरा बसतं. कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि आपला खड्डा आपणच खणतं. मग ट्रॅक्टर शोधायला एक जण गावात जातो. तो येईपर्यंत सायलेन्सरमध्ये पाणी. अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात दर हंगामात हे घडतं. गाडी डांबरावरच ठेवा, बाकी काही बोलत नाही.

तर तारीख बदला. पौर्णिमेच्या आधीचा आठवडा घ्या, चंपाषष्ठीपासून अष्टमीपर्यंतचा. या दिवसांत उधाण ओसरून भांग, म्हणजे सौम्य भरतीचा काळ, सुरू झालेला असतो, भरती-ओहोटीतला फरक निम्म्यावर येतो आणि पाण्याची ओढ कमी असते. सप्तमी धरली तर भरती संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, सूर्यास्त सहाला. साडेतीनला पाण्यात उतरलात तर दीड तास चढतं पाणी मिळतं, भरपूर उजेड मिळतो आणि आंघोळ करून सूर्य बुडताना चहा हातात असतो. चांदण्याचं म्हणाल तर शुद्ध सप्तमीचा अर्धा चंद्र अंधार पडताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्यानंतर जे आकाश दिसतं ते पौर्णिमेला कधीच दिसत नाही. पौर्णिमेचा हट्ट लोक का धरतात हे मला कळलेलं नाही. सकाळचं पोहणं जास्त महत्त्वाचं असेल तर नवमी-दशमी घ्या, भरती सकाळी सात-साडेसातच्या आसपास येते.

चढत्या पाण्यात उतरायचं, हा माझा नियम. ओहोटीत सगळं पाणी बाहेर निघालेलं असतं आणि तुम्ही दमलात तर ते तुम्हाला बाहेरच नेतं. खाडीच्या तोंडाशी तर कुठल्याच वेळी उतरू नका. तिथं पूर्ण खाडीचं पाणी एका चिंचोळ्या वाटेनं आतबाहेर करतं, तळ रोज बदलतो आणि वरून काही कळत नाही. मनोरीपासून रेवदंड्यापर्यंत प्रत्येक खाडीला हे लागू आहे.

तुमच्यातले चौघं पोहणारे आहेत हे वाचून मला उलट जास्त काळजी वाटली. न पोहणारा गुडघ्याच्या पुढे जात नाही. तरणतलावात पंचवीस मीटरला भिंत लागते, तळ दिसतो, पाणी जागचं हलत नाही. समुद्रात यातलं काहीच नसतं. संक रॉक ते गेटवे ही पाच किलोमीटरची स्पर्धा असो की मालवणच्या चिवला बीचवरची, तिथं उतरणारी मुलं महिनोन्‌महिने सराव केलेली असतात आणि त्यांच्या आजूबाजूला होड्या फिरत असतात. तुमच्या बाजूला कुणी नसणार, कारण एकांत तुम्हीच मागितला आहे. त्यामुळे छातीएवढं पाणी ही शेवटची मर्यादा, आणि पोहायचं ते किनाऱ्याला समांतर. क्षितिजाकडे तोंड करून पोहत जायचं नाही.

समुद्राची ओढ कुठं आहे हे आधी बघून ठेवता येतं. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात, म्हणजे पाण्याखालच्या उंचवट्यात, जिथं फट असेल तिथून ते एका अरुंद पट्ट्यानं जोरात बाहेर जातं. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस लाटा नसलेली जागा म्हणून नेमका तिथंच उतरतो.

सप्तमीचा आणखी एक फायदा इथं कामाला येतो. ओहोटी अकराच्या सुमारास असते. तुम्ही बाराच्या आत पोचलात तर जेवायच्या आधी अर्धा तास उघड्या वाळूवरून चाला. भांगाच्या ओहोटीत पाणी फार मागे जात नाही, तरी समुद्राकडे उतरत गेलेल्या पाणी भरलेल्या चरी दिसतात. पाय घालून बघा. बाजूला घोट्याएवढं आणि चरीत मांडीएवढं पाणी असेल तर संध्याकाळची ओढ तिथंच. वर कोरड्या वाळूत चरीच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवा, त्यांना लाल फडकं बांधा. भरती आल्यावर चर दिसणार नाही, पण काठ्या दिसतील. त्यांच्यापासून शंभर पावलं लांब उतरा. आणि जवळ कुणी जाळं विणत बसलेलं असेल तर विचारा, ‘नाखवा, पाणी कुठं ओढतं?’ एवढं विचारणाऱ्याला माणसं आवर्जून उठून दाखवायला येतात.

तरीही सापडलातच ओढीत, तर किनाऱ्याकडे पोहू नका. जोरातली ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते, ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्याचा वेग तेवढाच. ती तुम्हाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. पाठीवर तरंगा, हात वर करून इशारा करा, आणि दम आल्यावर किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा सहसा रुंद नसतो. त्यातून बाहेर पडलात की फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरके आत या.

दोघं जण कायम काठावर, कपडे अंगात, फोन हातात, नजर पाण्यावर. त्यांच्याजवळ पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा, झाकण घट्ट लावलेला, त्याला पंचवीस मीटरची दोरी. तळाला मूठभर वाळू घातली की तो वाऱ्यावर भरकटत नाही, नीट फेकता येतो. बुडणाऱ्याकडे कॅन फेकायचा, स्वतः उडी घ्यायची नाही. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, ही आपल्याकडची नेहमीची बातमी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता आणि किनाराही निर्जन नव्हता.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटा तर मुळीच धरू नका. आधी नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला, उठून बसला, ‘बरं वाटतंय’ म्हणाला, तरी रुग्णालयात न्यायचंच. फुप्फुसांत गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ पोलिसांचा, १०९३ सागरी सुरक्षेचा आणि १५५४ तटरक्षक दलाचा. हे चारही नंबर घरूनच फोनमध्ये भरून न्या. तिथं नेटवर्कची एखादी काडी असते, तीही नारळी-पोफळीच्या वाडीच्या एका कोपऱ्यात. तो कोपरा दिवसा शोधून ठेवा.

आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असतो असं नाही. मे २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत ना पाऊस होता ना वादळ, तरी उंच लाटांचा इशारा आला होता. दूर दक्षिणेला हिंदी महासागरात वादळ होतं आणि त्याच्या लाटा दिवसचे दिवस प्रवास करत इथं येतात. हैदराबादची इन्कॉईस संस्था हे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी बघा. इशारा असेल तर पोहणं रद्द, तंबू चालेल.

आता एकांताबद्दल. निर्जन किनाऱ्यावर रात्री सहा अनोळखी तरुण आणि हलणाऱ्या बॅटऱ्या दिसल्या की रायगडात गावकरी पोलिसांना फोन करतात, आणि त्यांचं बरोबर आहे. १९९३ च्या बाँबस्फोटांतलं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. २००८ मध्ये दहशतवादी मुंबईच्या मच्छीमार नगरात होडीनं आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या नौकेत रायफली सापडल्या. तेव्हा गावच्या पोलीस पाटलांना किंवा सागरी पोलीस ठाण्यात आधी नावं देऊन ठेवा, ओळखपत्रं जवळ ठेवा आणि समुद्राच्या दिशेनं बॅटरी मारत बसू नका. मी तर म्हणेन, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर एखादं घर असू द्या. त्याहून जास्त एकांत कुणाला लागत असेल असं मला वाटत नाही. गर्दी टाळायला अनोळखी किनारा शोधण्यापेक्षा सोमवार ते गुरुवार जा. तोच किनारा रविवारी जत्रा असतो आणि मंगळवारी तुमच्या एकट्याचा. फक्त सोमवारी-गुरुवारी घरगुती खाणावळीत मासे मिळतील याची खात्री नाही, ते आधी विचारा.

तंबू वाळूवर न लावता किनाऱ्यालगतच्या वाडीत लावा. मालकाची परवानगी, माणशी ठरवून पैसे. विहिरीचं पाणी आणि संडास मिळतो, कायद्याचा प्रश्न उरत नाही आणि लाटांचा आवाज तेवढाच येतो. नारळाखाली मात्र नको, वर बघून जागा निवडा. वाळूवरच लावायचा हट्ट असेल तर नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. सिमेंटची रिकामी गोणी वाळूनं अर्धी भरा, तोंड बांधा, गाठीला तंबूची दोरी अडकवा आणि गोणी कोपरभर खोल पुरा. वर वाळू लोटून पायानं दाबा. दोरी तिरकी ओढून बघा. गोणी हलली तर आणखी खोल. दुपारचा खारा वारा समुद्राकडून येतो, पण रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. म्हणून फक्त समुद्राच्या बाजूच्या दोऱ्या ताणून भागत नाही. डिसेंबरात दव इतकं पडतं की तंबूच्या कापडावरून पाणी ओघळतं. वरचं आच्छादन विसरू नका. चपला आत घ्या, किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना त्या फार आवडतात. सकाळी बूट झटकून घाला. वाडीत काळोखात पाय टाकताना बॅटरी हवीच, कोकणात फुरसं असतं.

सुरूच्या बनात शेकोटी नको. खाली पडलेल्या सुया पेटल्या तर बन जातं. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले या पट्ट्यात नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात, तीही नेमकी भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत. तिथं उजेड आणि आग दोन्ही नको. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर, तंबूच्या बाहेर.

उथळ पाण्यात पाय उचलून न चालता घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेला पाकट मासा बाजूला होतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना त्याचा काटा लागला होता. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवा, वेदना झपाट्यानं उतरते, मग डॉक्टर. काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर स्वतः उपटू नका.

किनारा. मुंबईतला नको. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई इथं पालिकेचे जीवरक्षक असतात, पण तिथं एकांत नाही आणि पाणी पोहण्यासारखं नाही. आक्साचं नाव तर बुडण्याच्या बातम्यांतूनच सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरेला केळवे रेल्वेनं सोयीचं पडतं, सुरूचं बन छान आहे, मधल्या वारी माणसं कमी असतात. बोर्डी त्याहून सपाट. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पोहायला भरतीच्या आगेमागेच वेळ मिळतो. तुमच्यातल्या दोघा न पोहणाऱ्यांना ते बरं. पण माझी निवड दिवेआगर. माणगाव-म्हसळामार्गे जा, किंवा आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीनं. किनारा लांबच लांब आहे, मागे वाड्या आहेत, आणि मधल्या वारी गावासमोरच्या भागापासून पंधरा मिनिटं चाललात की पुढेमागे कुणी दिसत नाही. एक दिवस जास्तीचा मिळाला तर शेखाडी-आरावीच्या बाजूचा समुद्राकाठचा रस्ता फिरून या, पोहायला मात्र दिवेआगरलाच.

वाडीवाल्याला फोन कराल तेव्हा चार गोष्टी विचारा: तंबूला जागा आहे का, विहिरीचं पाणी गोडं आहे का, नेटवर्क कुठल्या कंपनीचं येतं, आणि रात्री वाडीत कुणी झोपायला असतं का. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरी वाडी बघा.